डोकं खाली, हात मोकळे

१४ जानेवारी २०१८. मिनियापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, बाद फेरीतला सामना शेवटाला आला होता. न्यू ऑर्लिन्स सेंट्स २४, मिनेसोटा व्हायकिंग्ज २३. घड्याळात दहा सेकंद. व्हायकिंग्जच्या स्टेफन डिग्जने मैदानाच्या कडेजवळ उंच उडी मारून पास झेलला, तेव्हा सेंट्सचा बचावपटू मार्कस विल्यम्स त्याच्यापर्यंत पोचलेला होता. विल्यम्सला चेंडू हिसकावायचा नव्हता. डिग्जला उडवून लावायचीही गरज नव्हती. त्याला नुसतं धरायचं होतं. डिग्ज मैदानाच्या आत आडवा झाला असता तर घड्याळ पळत राहिलं असतं आणि सामना तिथेच संपला असता. विल्यम्सने मान खाली घातली आणि जमिनीकडे बघत झेप घेतली. तो डिग्जच्या खालून निघून गेला आणि आपल्याच संघातल्या दुसऱ्या खेळाडूवर जाऊन आदळला. डिग्ज जमिनीवर उतरला, एक हात टेकवून सावरला, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही. तो शेवटच्या रेषेपर्यंत पळत गेला. ६१ यार्डांची ती खेळी आता ‘मिनियापोलिसचा चमत्कार’ म्हणून ओळखली जाते. विल्यम्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि लीगमधलं त्याचं ते पहिलंच वर्ष होतं.

त्याआधी जेमतेम सहा आठवडे, ४ डिसेंबर २०१७ला, सिनसिनाटीत पिट्सबर्ग स्टीलर्सचा रायन शेझियर एका सामन्यात अगदी तसाच मान खाली घालून समोरच्या खेळाडूच्या अंगावर गेला. त्याचा नेम चुकला नाही. हेल्मेटचा माथा बरोबर लागला. तो उताणा पडला आणि त्याचे पाय हलेनात. पंचवीस वर्षांचा, लीगमधल्या सर्वांत चपळ बचावपटूंपैकी एक. मणक्यावर शस्त्रक्रिया झाली, अनेक महिन्यांच्या उपचारांनंतर तो पुन्हा चालू लागला, पण खेळला नाही. २०२०मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

हे दोन तुकडे मी एकापाठोपाठ एक बरेचदा पाहिले आहेत. एकाने सामना घालवला, दुसऱ्याने जवळजवळ पाय घालवले. मधल्या क्षणावर चित्र थांबवलं तर दोघांची शरीरं सारखीच दिसतात. डोकं खाली, नजर गवतावर, हात अंगाच्या मागे किंवा नुसतेच मोकळे.

मी हे का पाहत बसलो, तेही सांगायला हवं. अमेरिकेत येऊन मला वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत हा खेळ मी दिवाणखान्यातल्या गोंगाटासारखा ऐकत आलो होतो. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा नववीत गेला आणि शाळेच्या संघाचा संमतीअर्ज घेऊन आला. पाठोपाठ हेल्मेटही आलं. त्या हेल्मेटवर सूचनेचा एक कागद चिकटवलेला होता. कोणतंही हेल्मेट डोक्याच्या आणि मानेच्या सगळ्या दुखापती टाळू शकत नाही, आणि या हेल्मेटने समोरच्याला धडक मारू नका, असा त्याचा मथितार्थ. संरक्षणासाठी घेतलेली वस्तू स्वतःच सांगते की माझा भरवसा धरू नका. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि संध्याकाळी फुटबॉल. सगळं गाव त्यांना ‘कोच’ म्हणतं, मीही म्हणतो. त्यांना मी त्या कागदाबद्दल विचारलं. ते म्हणाले, “तो कागद म्हणजे या खेळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचा सारांश आहे.” मग पुढचे अनेक रविवार त्या सारांशाचा विस्तार चालला. हा लेख त्यातूनच आला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न. चेंडू घेऊन पळणाऱ्याला बचाव करणाऱ्यांनी जमिनीवर पाडलं की तो प्रयत्न संपला. हे पाडणं म्हणजे टॅकल. पुस्तकी टॅकलची कृती साधी आहे. जवळ पोचताना पावलं छोटी करायची, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ आणि नजर समोरच्याच्या कमरेवर ठेवायची. खांदे आणि डोळे फसवू शकतात, कंबर फसवत नाही. मग खांदा त्याच्या मांडीच्या वरच्या भागात रुतवायचा, दोन्ही हातांनी मिठी मारायची आणि पाय चालू ठेवून त्याला मागे रेटत न्यायचं. शाळेत कबड्डी खेळलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. चढाई करणाऱ्याची कंबर धरताना आपण डोकं बाजूला घेतो, कारण डोक्यावर केसांशिवाय काही नसतं. सगळा फरक तिथून सुरू होतो.

‘आजकाल कोणाला टॅकल करताच येत नाही’ हे वाक्य अमेरिकेत दर रविवारी ऐकू येतं. समालोचक म्हणतात, माजी खेळाडू म्हणतात, पिझ्झाच्या दुकानातला माणूसही म्हणतो. मला अशा वाक्यांचा संशय येतो. आपल्याकडे प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीची फलंदाजी सरळ बॅटची वाटते, त्यातलाच प्रकार. आकड्यांनी हे ठरवायला जावं तर आकडे ठिसूळ. हुकलेल्या टॅकलची अधिकृत नोंद एनएफएल ठेवत आलेली नाही. क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधी पाडणं, ज्याला सॅक म्हणतात, त्याचीसुद्धा अधिकृत नोंद १९८२पासूनची. हुकलेले टॅकल खाजगी संस्था चित्रफिती पाहून मोजतात, आणि हात लागून निसटला तर हुकला म्हणायचं की मुळात पोचलाच नव्हता म्हणायचं, हे मोजणाऱ्यावर असतं. आणि जुना काळ सोन्याचा होता म्हणावं तर १९५०च्या दशकातला डिक ‘नाइट ट्रेन’ लेन आठवतो. पहिल्याच मोसमात चौदा पास मधल्यामधे झेलणारा हा असामान्य बचावपटू पळणाऱ्याच्या मानेत आडवा हात घालून त्याला खाली आणायचा. ती पद्धत पुढे नियमबाह्य झाली. तेव्हा जुने लोक हळुवारपणे मिठ्या मारत होते अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही.

तरी कोचच्या म्हणण्यात एक गोष्ट मला पटली. ‘पोरं वाईट झाली’ असं ते म्हणत नाहीत. टॅकल शिकवण्याची जागाच खेळातून हळूहळू नाहीशी झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि ती नाहीशी करणाऱ्यांत पहिला हात हेल्मेटचा.

१९०५मध्ये या खेळात इतके तरुण मेले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली; गर्दीची रेटारेटी कमी व्हावी हा हेतू. त्या काळी डोकं उघडं किंवा फार तर चामड्याच्या टोपीत. कॉलेजांत हेल्मेट सक्तीचं झालं १९३९मध्ये, एनएफएलमध्ये १९४३मध्ये. त्याच सुमाराला कडक प्लास्टिकचं हेल्मेट आलं. ते समोरच्याला लागतं म्हणून एनएफएलने १९४८मध्ये त्यावर बंदी घातली आणि वर्षभरात उठवलीही. १९५३मध्ये क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक ओटो ग्रॅहम याचं तोंड फुटलं. टाके घालून, हेल्मेटला पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी बसवून प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी त्याला पुन्हा मैदानात पाठवलं. थोड्याच वर्षांत तोंडापुढची जाळी सगळ्यांच्या हेल्मेटवर आली.

मला या सगळ्या इतिहासातला हा तुकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाक उघडं असलेला माणूस दुसऱ्याच्या गुडघ्यावर तोंड नेऊन आपटत नाही. त्याला कोणी तसं करू नको म्हणून शिकवावंही लागत नाही, नाकच शिकवतं. जाळी आल्यावर नाक गप्प झालं. मग प्रशिक्षकांनी शिकवायला सुरुवात केली की तोंड पुढे घाल. समोरच्याच्या छातीवरच्या आकड्यांवर आपला चेहरा नेऊन ठेव. कोच स्वतः १९६०च्या दशकात असंच शिकले. “आम्हाला सांगायचे, चेंडूला चावा घे,” ते म्हणाले. यात क्रूरपणा नव्हता. शरीराच्या मधोमध धडक बसली तर समोरचा निसटत नाही, हा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबरही होता. फक्त त्या हिशेबात मान धरलेली नव्हती.

१९६८मध्ये फुटबॉल खेळताना थेट मार लागून ३६ जण मेले. त्यातले बहुतेक शाळकरी. आणि मेंदूला मार लागून मरणाऱ्यांखेरीज मानेपासून खाली लुळे होणाऱ्यांचाही एक वर्ग तयार होत होता. बरेच दिवस तज्ज्ञांना वाटायचं की डोकं मागे फेकलं गेल्यावर हेल्मेटची मागची कड मानेवर कापल्यासारखी बसते. फिलाडेल्फियाचे अस्थिशल्यचिकित्सक जोसेफ टोर्ग यांनी १९७५पासून देशभरातल्या अशा दुखापतींची नोंदवही सुरू केली, चित्रफिती मिळवल्या, क्ष-किरण फोटो मांडले. निष्कर्ष उलटा निघाला. मान मागे जाऊन मोडत नव्हती. ताठ उभ्या मानेच्या मणक्यांना एक बाकदार कमान असते. धक्का आला की ती थोडी वाकते, स्नायू ताण घेतात. पण हनुवटी छातीकडे आणून डोकं साधारण तीस अंशांत खाली घातलं की ती कमान सरळ होते, मणके एका ओळीत येतात, जणू एकावर एक रचलेली नाणी. अशा वेळी माथ्यावर धडक बसली तर डोकं थांबतं, पण मागून येणारं ऐंशी-नव्वद किलोंचं धड थांबत नाही. दोघांच्या मधे मान चिरडते. हेल्मेट यात काहीच करू शकत नाही, कारण कवटी शाबूत राहते. उलट कवटीला काही होणार नाही या खात्रीनेच तो पोरगा माथा पुढे करतो.

टोर्ग यांच्या माहितीच्या जोरावर १९७६मध्ये शाळा आणि कॉलेजांत नियम झाला: टॅकल करताना पहिला स्पर्श डोक्याने करायचा नाही. त्या वर्षी मानेखाली कायमचे लुळे झालेले खेळाडू होते ३४. १९८४मध्ये ५. १९९० हे वर्ष तर असं गेलं की थेट मार लागून एकही मृत्यू नाही. नवं यंत्र नाही, औषध नाही, एक वाक्याचा नियम आणि शिकवण्याची बदललेली पद्धत. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशी उदाहरणं मोजकीच असतील, आणि फुटबॉलबाहेर हे फारसं कोणाला माहीत नाही.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नियमाने काय करू नये ते सांगितलं, आणि काय करावं हे सांगण्याचं काम टीव्हीने घेतलं.

रग्बीत हात न वापरता टॅकल करणं हाच गुन्हा आहे. मिठी मारावीच लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये असा नियम नाही. समोरच्याला नुसता खांदा मारून पाडलं तरी चालतं. त्यात हा खेळ यार्डांचा. रग्बीत पडता पडता दोन पावलं पुढे गेला तरी फार बिघडत नाही, इथे तीच दोन पावलं पुढचे चार प्रयत्न मिळवून देतात. म्हणून जागच्या जागी थांबवणारी धडक हवीहवीशी. शिवाय ती दिसायला जबरदस्त. १२ ऑगस्ट १९७८ला ऑकलंडमध्ये एका सराव सामन्यात जॅक टॅटमने डॅरिल स्टिंगलीला मारलेली धडक अशीच. पास झेललाही गेला नव्हता. स्टिंगली मानेखाली लुळा झाला आणि २००७मध्ये वारला. त्या धडकेवर दंडसुद्धा झाला नाही, कारण ती नियमात बसत होती. टॅटमच्या आत्मचरित्राच्या नावातच ‘मारेकरी’ हा शब्द आहे आणि तो बिरुदासारखा वापरला आहे.

१९७९मध्ये ईएसपीएन ही खेळांची वाहिनी आली. दिवसभराच्या सामन्यांतून तिला पाच-सात सेकंदांचे तुकडे लागत. मिठी मारून, पाय चालवून, चार यार्डांवर नीट खाली बसवलेला टॅकल अशा तुकड्यांत शोभत नाही. पुढे तर आठवड्यातल्या सर्वांत भयंकर धडकांचा वेगळा कार्यक्रमच होता आणि स्टुडिओतली मंडळी त्यावर हसत, ओरडत. दहा-बारा वर्षांची मुलं तो पाहून सोमवारी मैदानात येत. कोच म्हणतात, “मी आठवड्यातून दोन तास शिकवायचो, टीव्ही रोज.” लीगचा दुटप्पीपणाही पाहण्यासारखा. ऑक्टोबर २०१०मध्ये पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनला हेल्मेटच्या धडकेबद्दल ७५,००० डॉलर दंड झाला. त्याच धडकेचं छायाचित्र लीगच्या संकेतस्थळावर विकायला होतं. बोभाटा झाल्यावर ते काढलं.

हात न वापरण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मूर्खपणाचं नाही. चेंडू हिसकावून घेतला तर सामना फिरतो. शिकागोचा चार्ल्स टिलमन पळणाऱ्याच्या कवेतल्या चेंडूवर नेमका गुद्दा मारायचा. कारकिर्दीत त्याने असे ४४ वेळा चेंडू सोडवले. त्याचं पाहून सगळेच गुद्दे मारू लागले. टिलमन आधी एका हाताने माणूस धरायचा, हे अनुकरण करणाऱ्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मग मेंदूचा प्रश्न आला. पिट्सबर्गचा महान सेंटर माइक वेबस्टर २००२मध्ये वारला. मूळचे नायजेरियाचे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा हा ऱ्हास, सीटीई, त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी झाला. २०१७मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या ॲन मॅकी यांच्या गटाने दान मिळालेले एनएफएल खेळाडूंचे १११ मेंदू तपासले, ११०मध्ये तो सापडला. हे मेंदू बहुतांशी आधीच त्रास असलेल्यांच्या कुटुंबांनी दिलेले होते, तेव्हा शंभरातल्या नव्व्याण्णवांना हा आजार होतो असा त्याचा अर्थ नाही. पण उरलेला अर्थही पुरेसा भयंकर आहे.

आता जो उपाय झाला तो योग्यच होता, आणि त्यानेच टॅकलचं शिक्षण आणखी आटवलं. लहान धक्केही साठत जातात, आणि शेकड्यांनी धक्के बसतात ते सरावात. म्हणून सराव कापा. २०११च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने एनएफएलकडून मिळवलं की मोसमाच्या सतरा आठवड्यांत अंगावर कवचं चढवून करायचे सराव फक्त चौदा. कॅलिफोर्नियाने २०१४मध्ये कायदाच केला: शाळांत आठवड्यातून दोनदाच पूर्ण धडकेचा सराव, प्रत्येकी दीड तास. विस्कॉन्सिनमध्ये त्याच वर्षी शाळांच्या सरावावर मर्यादा आल्यावर सरावातली डोक्याची दुखापत निम्म्याहून खाली आली. सामन्यांतली मात्र फारशी हलली नाही. या शेवटच्या वाक्यावर कोच बोट ठेवतात. सराव वाचवला, पण सामन्यात तो पोरगा तसाच मान खाली घालून जातो.

जे सराव उरले त्यांचंही रूप पाहण्यासारखं आहे. आपल्याच साथीदाराला जमिनीवर आपटून त्याचा गुडघा मोडायचा नाही, म्हणून बहुतेक सराव ‘ठप्प’ करून सोडून द्यायचे. जवळ जा, खांदा लाव, थांब. तो पुढे निघून जातो, तू पुढच्याकडे वळ. म्हणजे टॅकलचा पहिला अर्धा भाग, धडक, आठवडाभर घोटला जातो. दुसरा अर्धा, धरून ठेवणं आणि खाली आणणं, तो एकदम रविवारी सत्तर हजार लोकांसमोर. १९५४मध्ये बेअर ब्रायंट यांनी टेक्सासातल्या जंक्शन गावी दहा दिवसांचं शिबिर घेतलं, उन्हात, पाणीही न देता, आणि अर्ध्याहून जास्त पोरं पळून गेली. तसलं काही परत यावं असं कोणीच शहाणा म्हणणार नाही. पण त्या टोकापासून या टोकापर्यंत येताना मधे कुठेतरी थांबायला हवं होतं.

शिवाय ज्याला धरायचं तो आता पूर्वीसारखा समोर येत नाही. १९७८मध्ये एनएफएलने नियम बदलून पास झेलणाऱ्यांना मोकळीक दिली. पुढे कॉलेजांतून आणि शाळांतून अशा आक्रमण-पद्धती आल्या की खेळाडूंना मैदानाच्या १६० फूट रुंदीभर पसरायचं आणि चेंडू झटकन बाजूला फेकायचा. पूर्वी टॅकल करणारा गर्दीत असे. एकाकडून निसटला तर दुसरा होताच. आता तो एकटा, भोवती दहा-दहा पावलं मोकळी जागा, आणि समोर त्याच्याहून चपळ माणूस. विल्यम्स त्या रात्री असाच एकटा होता. आज टॅकल जास्त हुकताना दिसतात त्यातला काही भाग निव्वळ या भूमितीचा आहे, असं मला वाटतं. कोचना ते तितकंसं मान्य नाही.

त्यात एकेक वाट बंद होत गेली. मागून कॉलर धरून ओढायला २००५मध्ये बंदी. डोक्याला धडक मारणाऱ्याला कॉलेजात २०१३पासून थेट बाहेर काढतात. शेझियरच्या दुखापतीनंतर २०१८मध्ये एनएफएलने मान खाली घालून हेल्मेटने धडकणंच नियमबाह्य केलं. प्रत्येक बंदी समर्थनीय. पण शिकवण्यासाठी वेळ न देता फक्त बंदी घातली की खेळाडू उरलेल्या फटीतून काहीतरी नवं काढतो. मागून कंबर पकडायची आणि आपलं सगळं वजन सोडून समोरच्याच्या पायांवर बसायचं, हा त्यातलाच शोध. नोव्हेंबर २०२३मध्ये बाल्टिमोरच्या मार्क अँड्र्यूजचा पाय असाच अडकला. मार्च २०२४मध्ये त्या पद्धतीवरही बंदी आली. लीगचं म्हणणं, इतर टॅकलच्या मानाने यात दुखापतीचं प्रमाण वीसपट.

वाट बंद न करता उघडणारी माणसं थोडी आहेत. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॉलेजात जॉन गॅलियार्डी यांनी वर्षानुवर्षं सरावात टॅकल करूच दिलं नाही. त्यांची तऱ्हेवाईक म्हणून थट्टा व्हायची. २०१२मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय होते, कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त. डार्टमथच्या बडी टीव्हन्स यांनी २०१०मध्ये तेच केलं, पण एक भर घालून: माणसांना पाडायचं नाही, मात्र गाद्यांना आणि पुतळ्यांना रोज पाडायचं, मोजून, पावलापावलाचं तंत्र तपासत. पुतळे पळत नाहीत ही अडचण विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सोडवली. रिमोटवर चालणारा, वळणारा, पडला तरी आपोआप उभा राहणारा पुतळा त्यांनी बनवला. २००८मध्ये दहाच्या दहा सामने हरलेला हा संघ २०१५मध्ये आयव्ही लीगचा संयुक्त विजेता होता, आणि त्यांच्याच नोंदींनुसार हुकणारे टॅकल कमी झाले होते. २०१६मध्ये आयव्ही लीगच्या सगळ्या प्रशिक्षकांनी मोसमातल्या सरावातून टॅकल वगळायचं ठरवलं. टीव्हन्स २०२३मध्ये सायकल अपघातातल्या जखमांनी गेले.

२०१४मध्ये सिॲटलचे पीट कॅरोल यांनी रग्बीकडून उचललेल्या पद्धतीची चित्रफीत सगळ्यांसाठी खुली केली: डोकं मागच्या बाजूला, नजर समोरच्याच्या मांड्यांवर, खांदा रुतवा, आवळा, पाच पावलं रेटा. त्यांचा संघ तेव्हा विजेता होता, म्हणून लोकांनी ऐकलं. रग्बीतही डोक्याच्या दुखापती भरपूर आहेत, त्यामुळे ते काही अभयकवच नाही. लीगच्या पैशावर चाललेल्या ‘हेड्स अप’ या शिक्षण-उपक्रमाचे दावेही फुगवलेले होते, हे २०१६मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं. प्रत्येक नव्या पद्धतीकडे थोडं तिरकं बघणं बरं.

मला सर्वांत भावला तो न्यू हॅम्पशर विद्यापीठाच्या एरिक स्वार्ट्झ यांचा प्रयोग. त्यांनी खेळाडूंच्या एका गटाला आठवड्यातला थोडा वेळ हेल्मेट काढून, गाद्यांवर, टॅकल करायला लावलं. दुसरा गट नेहमीसारखा. मोसमाच्या अखेरीला पहिल्या गटाच्या डोक्याला बसणारे धक्के २८ टक्क्यांनी कमी झाले होते, तेही हेल्मेट घालून खेळताना. नाकाला पुन्हा बोलू दिलं, एवढंच त्यांनी केलं.

संमतीअर्जावर मी आठ दिवसांनी सही केली. बायकोने केली नाही. एका पालकाची सही पुरते, हे मला तेव्हा बरं वाटलं नाही. सही करण्याआधी मी शाळेच्या तरुण प्रशिक्षकाला विचारलं होतं, टॅकल कसं शिकवता? तो म्हणाला, “शुक्रवारी येऊन बघा.”

ऑगस्टमधली संध्याकाळ होती, गवत तापलेलं. मैदानाच्या कडेला हेल्मेटांची ओळ मांडून ठेवली होती. ट्रॅक्टरच्या टायरएवढी फोमची चाकं दोन मुलं उतारावरून सोडत होती आणि बाकीची उघड्या डोक्यांनी एकेक करून त्यांच्यामागे धावत होती. तिरकं जायचं, डोकं मागे, खांदा लावायचा, दोन्ही हातांनी आवळून चाकासकट लोळायचं. कोच माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, काही बोलत नव्हते. माझ्या मुलाची पाळी आली. पहिलं चाक त्याच्या हातांतून निसटलं आणि कुंपणापर्यंत गेलं. तो त्याच्यामागे धावत गेला, ते उभं केलं आणि ढकलत ढकलत वर घेऊन आला. प्रशिक्षकाने त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली, पावलं कुठे हवीत ते गवतावर बूट घासून दाखवलं आणि त्याला पुन्हा रांगेच्या पुढे उभं केलं.